आर्लीट, तारापूर आणि पडद्याची मालकी

नायजर देशाच्या उत्तरेला, सहारा वाळवंटात, आर्लीट नावाचं गाव आहे. युरेनियमच्या खाणींसाठीच ते वसलं. 1971 च्या सुमारास तिथून युरेनियम निघू लागलं आणि फ्रान्सच्या अणुउद्योगाकडे जाऊ लागलं. याच गावात जन्मलेल्या अमीना वेरा हिनं 2016 मध्ये गावावर एक माहितीपट केला. त्याच्या फ्रेंच शीर्षकाचा अर्थ होतो ‘वाऱ्यातला संताप’. तिचे वडील खाणीत पस्तीस वर्षं राबून निवृत्त झालेले. कॅमेरा त्यांचं आणि त्यांच्या जुन्या सोबत्यांचं बोलणं ऐकतो, आणि खाणीतून बाहेर पडलेलं भंगार लोखंड गावातल्या घरांत नि भांड्यांत कसं पोचलं ते दाखवतो. त्याआधी, 2005 मध्ये, बेनिनच्या इद्रिसू मोरा-कपाई यानं आर्लीटवर चित्रपट केला होता. पण खाण सुरू झाल्यावर गावच्याच मुलीच्या हाती गावचा कॅमेरा यायला जवळजवळ पंचेचाळीस वर्षं लागली.

हे लिहिताना डोळ्यांपुढे आहे ते पालघर जिल्ह्यातलं तारापूर. 1963 चा भारत-अमेरिका करार, अमेरिकी कंपनीनं उभारलेल्या दोन अणुभट्ट्या, आणि 1969 पासून तिथून मिळू लागलेली वीज हा इतिहास बोईसर-तारापूरच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेनं हात आखडता घेतला, 1978 मध्ये तिथं नवा कायदा झाला आणि इंधनाची वाट बंद होत गेली. 1982 मध्ये तारापूरला इंधन द्यायला पुढे आला तो फ्रान्स. तारापूरच्या भट्टीत नेमकं आर्लीटचंच युरेनियम जळलं, असं मला म्हणायचं नाही. ही दोन गावं जगाच्या एकाच नकाशात, एकाच प्रकारच्या जागी बसवली गेली, एवढंच म्हणायचं आहे. म्हणून आर्लीटला विचारलेला प्रश्न इथंही विचारता येतो. इथलं चित्र कुणी काढलं, कुणाच्या पैशानं, कुठल्या भाषेत, आणि ते कुणाला दिसलं? वसाहतीची सत्ता झेंडा उतरल्यावर उरते ती या चार प्रश्नांच्या उत्तरांत. आफ्रिकी चित्रपटाचा इतिहास याचा सर्वांत स्वच्छ पुरावा आहे आणि पालघर जिल्ह्याकडे पाहण्यासाठी तो फार उपयोगी पडतो.

सुरुवात कायद्यापासून झाली. 1934 मध्ये फ्रान्सचे वसाहतमंत्री पिएर लाव्हाल यांच्या नावानं ओळखला जाणारा हुकूम निघाला. फ्रेंच आफ्रिकेत चित्रीकरण करायचं तर वसाहतीच्या प्रशासनाची आगाऊ परवानगी हवी, संहिता दाखवायला हवी, काम करणाऱ्यांची नावं द्यायला हवीत. हा हुकूम प्रत्यक्षात फार थोड्यांवर बजावला गेला, पण ज्यांच्यावर बजावला त्यांची नावं बोलकी आहेत. रने व्होत्ये या फ्रेंच तरुणानं ‘आफ्रिका 50’ नावाची वसाहतविरोधी चित्रफीत केली. त्याला तुरुंगात जावं लागलं. बेनिनमध्ये जन्मलेला पोलँ सुमानू व्हिएरा पॅरिसच्या चित्रपट संस्थेत शिकून तयार झाला, तरी त्याला आफ्रिकेत कॅमेरा लावता आला नाही. 1955 मध्ये त्यानं नि त्याच्या मित्रांनी ‘सेन नदीवरची आफ्रिका’ हा लघुपट केला, तो पॅरिसच्या रस्त्यांवर. काळ्या आफ्रिकेतल्या चित्रपटाच्या इतिहासाचं पहिलं पान म्हणून अनेक जण या लघुपटाचं नाव घेतात. आणि ते पान आफ्रिकेबाहेर लिहिलं गेलं.

आपल्याकडे 1918 चा सिनेमॅटोग्राफ कायदा होता. तो 1952 मध्ये बदलला, पण आधी दाखवा, प्रमाणपत्र घ्या, मग लोकांना दाखवा हा त्याचा कणा तसाच राहिला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्याला आव्हान दिलं, तेव्हा 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पूर्वपरीक्षण घटनेत बसतं असा निर्णय दिला. म्हणजे परक्या राज्यकर्त्यानं प्रजेच्या भीतीपोटी केलेली व्यवस्था नागरिकांच्या राज्यानं आपली म्हणून स्वीकारली. माझ्या मते ही गोष्ट आपण फार सहज पचवली.

कायद्यापेक्षा चिवट ठरला पैसा. सेनेगल 1960 मध्ये स्वतंत्र झालं. 1963 मध्ये फ्रान्सच्या सहकार मंत्रालयानं एक चित्रपट विभाग उघडला आणि आफ्रिकी दिग्दर्शकांना पैसा, यंत्रं, पॅरिसमधली संकलनाची सोय देऊ केली. त्याबदल्यात चित्रपटाचे बिगरव्यापारी हक्क मंत्रालयाकडे जात. या व्यवस्थेतून पुष्कळ चित्रपट झाले, हे नाकारता येत नाही. पण उस्मान सेम्बेन यांच्या 1966 च्या ‘ला न्वार द...’ या चित्रपटाकडे बघा. दाकारची दियुआना फ्रान्समध्ये एका गोऱ्या कुटुंबाकडे कामाला जाते, तिथं मुकाट राबते आणि शेवटी जीव देते. पडद्यावर तिचं मन बोलतं ते फ्रेंचमध्ये, जी भाषा अशी सफाईनं तिला बोलताच आली नसती. पडद्यावरचा चेहरा एम्बिसिन तेरेझ दियोप हिचा आहे आणि आवाज टोटो बिसाँत या हैतीच्या गायिकेचा. माणूस एका किनाऱ्यावरचा, आवाज दुसऱ्या किनाऱ्यावरचा. सेम्बेन यांना ही फट सलत होती. 1968 च्या ‘मांदाबी’त त्यांनी पात्रांना वोलोफ बोलू दिलं. तरी फ्रेंच मदत घेतलेली असल्यानं त्याच चित्रपटाची फ्रेंच आवृत्तीही सोबत चित्रित करावी लागली. वोलोफ आवृत्ती सेनेगलच्या त्या माणसांसाठी होती ज्यांना पुस्तक वाचता येत नव्हतं. सेम्बेन स्वतः कादंबरीकार होते, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर चित्रपट शिकायला मॉस्कोला गेले ते याच माणसांसाठी. चित्रपट ही त्यांच्या लेखी लोकांची रात्रशाळा होती; तो घेऊन ते गावोगाव जात आणि खेळ संपल्यावर लोकांशी बोलत बसत.

इथं पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. फ्रेंच पैसा नसता तर यातले अर्धे चित्रपट झालेच नसते. देणाऱ्यालाच दोष का द्यायचा? उत्तर थिएटरांच्या इतिहासात आहे. फ्रेंच भाषक पश्चिम आफ्रिकेतली थिएटरं आणि चित्रपटांचं वितरण दोन कंपन्यांच्या हातात होतं, कोमासिको आणि सेक्मा. अमेरिकी, फ्रेंच, हिंदी जुने चित्रपट या कंपन्या गठ्ठ्यानं आणत. स्थानिक दिग्दर्शकाचा चित्रपट लावण्यात त्यांना रस नव्हता. लोकांच्या तिकिटाचा पैसा चित्रपट करणाऱ्यांकडे परत येत नव्हता, म्हणूनच अनुदानासाठी पॅरिसला जावं लागत होतं. गरज आधी निर्माण केली गेली, मदत नंतर आली. 1970 मध्ये अपर व्होल्टानं, म्हणजे आजच्या बुर्किना फासोनं, थिएटरांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि तिकिटातला वाटा स्थानिक निर्मितीसाठी राखला. हे धाडसाचं पाऊल होतं. वागादुगूमध्ये 1969 ला सुरू झालेला ‘फेस्पाको’ महोत्सव आजही आफ्रिकी चित्रपटाचं पंढरपूर आहे, आणि त्यामागे हे पाऊल आहे. पण थिएटर ताब्यात आलं तरी वर्षभर त्यात लावायला चित्रपट हवेत, आणि ते पुन्हा जुन्याच पुरवठादारांकडून घ्यावे लागले. पडद्याचा मालक बदलला तरी त्यावर काय पडतं हे बाहेरच ठरत राहिलं. नायजरच्या लष्करी सरकारनं जून 2025 मध्ये आर्लीटची एक खाण राष्ट्रीय मालकीची करत असल्याचं जाहीर केलं. ती बातमी वाचताना अपर व्होल्टाची आठवण होते.

दुसरा आक्षेप आपल्या बाजूचा आहे. भारतही वसाहत होता, मग मुंबईला स्वतःचा चित्रपट कसा उभा करता आला? दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 चा. 1927-28 मध्ये टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे ब्रिटिश साम्राज्यातल्या चित्रपटांना झुकतं माप द्यावं का हा प्रश्न होता, आणि समितीनं ते नाकारलं. म्हणजे वसाहतीची सत्ता सर्वशक्तिमान नव्हती. बरोबर आहे, पण मुंबईला जे जमलं ते का जमलं? इथल्या व्यापाऱ्यांच्या हातात भांडवल होतं, थिएटरं होती, आणि तिकीट काढणारी गिरणगावची माणसं होती. दाकारला यातलं पहिलं आणि दुसरं नव्हतं. मुंबईचा अपवाद माझं म्हणणं खोडत नाही, उलट सिद्ध करतो. एवढंच की तो मुंबईचा अपवाद आहे, साऱ्या मुलखाचा नाही. पुढे तर मुंबईच दुसऱ्यांच्या पडद्यावर जाऊन बसली. नायजेरियातल्या कानो शहरात हौसा भाषक पिढ्या हिंदी चित्रपट पाहत मोठ्या झाल्या.

मुंबईपासून तारापूर अंदाजे शंभर किलोमीटर. चर्चगेटहून लोकल बदलत माणूस बोईसरला पोचतो. पण पडद्यावर हे अंतर फार मोठं आहे. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारी माहितीपटांची यंत्रणा मुळात युद्धकाळात ब्रिटिशांनी उभारली होती. 1940 मध्ये फिल्म अ‍ॅडव्हायझरी बोर्ड, 1943 मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया. युद्धकाळातल्या भारत संरक्षण नियमांखाली थिएटरवाल्यांना या चित्रफिती दाखवणं सक्तीचं झालं. 1948 मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झालं तेव्हा यंत्रणेचा आराखडा आणि सक्तीची तरतूद दोन्ही नव्या राज्यानं उचलली. मुख्य चित्रपटाआधी काळ्या-पांढऱ्या चित्रफितीत धरणं, पोलाद कारखाने, विमानतळ दिसत. निवेदक वरून, सगळं ठाऊक असल्याच्या स्वरात बोलत असे. फिल्म्स डिव्हिजननं उत्तम दिग्दर्शक घडवले, त्यांत आतून बंड करणारेही होते, त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. तरी त्या निवेदकाच्या आवाजाची जात ओळखायला हवी. तो प्रजेला समजावून सांगणारा आवाज होता. जमीन देणाऱ्याला त्या व्यवस्थेत दृश्य होता येत होतं, वक्ता होता येत नव्हतं. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली गेली. 2005-06 मध्ये त्या भट्ट्या सुरू झाल्या. प्रत्येकी 540 मेगावॉट हा आकडा सगळीकडे मिळतो. पोफरणच्या बायका समुद्राकडे जाणाऱ्या वाटेला काय म्हणत, हे कुठल्या पडद्यावर आहे?

आदिवासी मराठी-हिंदी पडद्यावर आले, आणि मोठ्या चित्रपटांत आले. जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’ला (1977) गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीचा आधार, ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत; कर्जतकडच्या ठाकरांचं जग त्यात आहे. गोविंद निहलानी यांच्या ‘आक्रोश’मध्ये (1980) विजय तेंडुलकरांची पटकथा आणि ओम पुरी यांनी उभा केलेला लहान्या भिकू. पत्नीच्या खुनाचा खोटा आरोप असलेला हा आदिवासी वर्तमानातल्या सबंध खटल्यात तोंड उघडत नाही. त्याचा आवाज फुटतो तो शेवटी. मराठी मनावर या मौनाचा खोल ठसा आहे, आणि तो उमटवणाऱ्यांच्या सहानुभूतीबद्दल शंका घेणं अन्यायाचं होईल. पण सेम्बेनची दियुआना आणि निहलानींचा लहान्या यांना शेजारी बसवलं की एक गोष्ट दिसते. एकीला दुसऱ्याचा आवाज मिळाला, दुसऱ्याला आवाजच मिळाला नाही. दोन्ही ठिकाणी अन्यायाचं निदान अचूक आहे, आणि दोन्ही ठिकाणी ज्याच्यावर अन्याय झाला त्याची भाषा पडद्याबाहेर आहे.

सहानुभूती आणि मालकी यांतला फरक आफ्रिकेत उघडपणे भांडला गेला. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ-दिग्दर्शक ज्याँ रूश यांनी आफ्रिकेवर आयुष्यभर प्रेमानं चित्रपट केले. 1965 मध्ये सेम्बेन यांनी त्यांना समोरासमोर सांगितलं की तुम्ही आम्हाला कीटकांसारखं पाहता. रूशच्या 1958 च्या ‘म्वा, अँ न्वार’मध्ये आबिजानच्या गोदीत राबणारा नायजरचा एक तरुण होता, उमारू गांदा. फ्रेंच सैन्यातून तो हिंदचीनमध्ये लढून आला होता. दहाएक वर्षांनी गांदानं स्वतः कॅमेरा हाती घेतला आणि ‘काबास्काबो’मध्ये युद्धावरून परतलेल्या शिपायाची गोष्ट स्वतःच्या झर्मा भाषेत सांगितली. 1972 मध्ये फेस्पाकोचा पहिला सर्वोच्च सन्मान गांदाच्याच दुसऱ्या चित्रपटाला मिळाला. रूश नसते तर गांदा कॅमेऱ्यापर्यंत पोचला नसता, हे खरं. गांदानं रूशच्या चित्रात समाधान मानलं नाही, हेही खरं. पालघरला आपले रूश मिळाले आहेत. गांदाची वाट अजून मोकळी झालेली नाही.

यावर कुणी म्हणेल, पालघर ही कुणाची वसाहत आहे? वारली, कातकरी, मल्हार कोळी हे मतदार आहेत, नागरिक आहेत. परकी सत्ता आणि आपलं राज्य एकाच मापानं मोजू नये. हा आक्षेप मी मानतो. पण वसाहतीचा वारसा इथं शब्दशः जमिनीत आहे. तारापूर, शिरगाव, केळवे, माहीम इथले पोर्तुगीज किल्ले 1739 मध्ये मराठ्यांनी घेतले. तीच पोर्तुगीज सत्ता मोझांबिकमध्ये 1975 पर्यंत राहिली. जंगल सरकारचं हा 1927 च्या कायद्याचा विचार स्वातंत्र्यानंतरही वारल्याच्या डोक्यावर राहिला. 1945 मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या सोबतीनं वारली वेठीविरुद्ध, लग्नगडीच्या, म्हणजे लग्नाच्या कर्जापोटी राबण्याच्या, गुलामीविरुद्ध उभे राहिले. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. मोझांबिकमधल्या मुएडा गावी 1960 मध्ये पोर्तुगीजांनी असंच जमावावर गोळ्या झाडल्या. स्वातंत्र्यानंतर मुएडाचे लोक तो प्रसंग दरवर्षी स्वतःच उभा करू लागले, काहींनी गोऱ्या अधिकाऱ्यांची सोंगं घेतली. रुय गेरा यांनी 1979 मध्ये तो खेळच चित्रित केला. पुढे त्या चित्रपटाला कात्री लावली ती स्वतंत्र मोझांबिकच्याच सरकारनं. आपलं राज्य आलं की चित्र आपोआप आपलं होत नाही, याचा एवढा स्पष्ट दाखला दुसरा मला ठाऊक नाही. तलवाड्याचं स्मरण लाल बावट्याखाली होत आलं आहे, आणि गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मराठी घराघरांत आहे. जव्हार-मोखाड्यात बोहाड्याला मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचवणारी माणसं आहेत. मुएडाला जे सुचलं ते इथं सुचणार नाही असं कोण म्हणेल?

मालकीचा प्रश्न इथं एका कलेत आधीच घडून गेला आहे, म्हणून त्याचा दाखला जास्त मोलाचा. वारल्यांकडे लग्नाचा चौक लिहायचा तो सवाशिणींनी, पालघट देवीला त्यात बसवायचं, धवलेरीनं, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईनं, गायचं. वारली चित्रकला ही बायकांची होती, आणि तिला लग्नघराचा प्रसंग होता. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी ती बाहेरच्या जगापुढे आणली आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे तिचा चेहरा झाले. 1989 मध्ये पॅरिसच्या ‘माजिसियँ द ला तेर’ या प्रदर्शनात म्हसे यांची चित्रं होती, तिथंच झाईरचा शेरी सांबा होता, दक्षिण आफ्रिकेची एस्तर महलांगू होती. 2011 मध्ये म्हसे यांना पद्मश्री मिळाली. त्यांची प्रतिभा निर्विवाद आहे. तरीही बघा, गंजाड आणि किन्शासा यांची भेट व्हायची तर ती पॅरिसला झाली, आणि चौक लिहिणाऱ्या बायकांची नावं त्या प्रवासात मागे पडली. बाहेरची मान्यता कलेला जगवते आणि त्याच वेळी ब्रश कुणाच्या हातात राहील हेही ठरवून जाते. आफ्रिकी दिग्दर्शक पॅरिसच्या अनुदानाबद्दल साठ वर्षं हेच सांगत आले आहेत.

आता शेवटचा आक्षेप, आजच्या काळाचा. कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. नायजेरियानं 1992 च्या ‘लिव्हिंग इन बाँडेज’नंतर व्हिडिओ कॅसेटवर सबंध उद्योग उभा केला, ना पॅरिसचा पैसा ना लंडनची परवानगी. पालघरच्या पोरांनीही तेच करावं. नायजेरियाचं यश मी मनापासून मोठं मानतो. पण ते कॅमेऱ्याचं यश नव्हतं. लेगॉसच्या इडुमोटा बाजारातले व्यापारी कॅसेट विकून पुढच्या चित्रपटाला पैसा लावत. साखळी पूर्ण गावातली होती. ती साखळी परदेशी स्ट्रीमिंग कंपन्यांकडे सरकली तेव्हा काय झालं तेही दिसलं. जानेवारी 2024 मध्ये अ‍ॅमेझॉननं आफ्रिकेतली नवी निर्मिती थांबवली आणि तिथल्या निर्मात्यांना वाट बदलावी लागली. मोबाइलवर वारली गाण्यांचे, मांगेली नि वाडवळी बोलीतले व्हिडिओ होतात, लोक ते आवडीनं बघतात. ते गावापर्यंत पोचतात, पण पुढच्या चित्राला लागणारा पैसा गावात परत येत नाही. मराठी चित्रपटाला मराठी मुलखात पडदा मिळत नाही ही आपली तक्रार रास्त आहे. ती करताना वारलीला मराठीच्या मुलखात किती पडदा मिळतो हेही आपल्यालाच विचारावं लागेल.

आणि वेळ थोडा आहे. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादाकडे गेली. तिथल्या खाड्यांबद्दल आज जे कागदावर आहे, त्यातलं बरंच मच्छीमारांनी लढून लिहून घेतलं आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी याच किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली, खर्च सुमारे 76,200 कोटी रुपये. बंदर हवं की नको यावर किनाऱ्यावर दोन मतं आहेत आणि तो वाद इथं सोडवायचा नाही. पण बंदराची चित्रं तयार आहेत, संगणकानं काढलेली, वरून पाहिलेली, माणूस नसलेली. किनाऱ्याची, जाळं विणताना मांगेलीत चाललेल्या गप्पांची, बोटी कुठल्या भरतीला निघतात याची चित्रं त्या प्रमाणात नाहीत, आणि काही वर्षांनी काढायची म्हटली तरी काढता येणार नाहीत.

माती दियोप यांच्या ‘दाओमे’ला 2024 मध्ये बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं. फ्रान्सनं लुटून नेलेल्या हजारो वस्तूंपैकी 26 वस्तू 2021 मध्ये बेनिनला परत गेल्या, त्या प्रवासाचा हा चित्रपट. त्यात सव्विसावा पुतळा फोन भाषेत बोलतो, आणि विद्यापीठातली मुलं भांडतात की 26 परत आल्या हा सन्मान की अपमान. हा चित्रपटही फ्रेंच पैशाच्या वाट्याशिवाय झाला नाही, पण वाद त्या मुलांचा आहे आणि दिग्दर्शिका तो मिटवत नाही. फिल्म्स डिव्हिजनचा साठा आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे, मुंबईत, बोईसरहून लोकलच्या अंतरावर. ठाणे जिल्ह्यातून 2014 मध्ये पालघर वेगळा झाला तेव्हा कागदपत्रं वाटली गेली; तशीच चित्रंही वाटून घ्यायला हवीत. त्या साठ्यात या किनाऱ्याची, या डोंगरांची जी चित्रं असतील ती शोधून काढावीत, निवेदकाचा आवाज बंद करावा, आणि पोफरण-अक्करपट्टीच्या पुनर्वसित वस्तीत, गंजाडला, तलवाड्याला भिंतीवर लावावीत. बघणारे त्यांच्या बोलीत जे बोलतील, ते त्या फितीवर नव्यानं ध्वनिमुद्रित करावं.